अश्वगंधा : लागवड, प्रतवारी आणि विक्रीपूर्वीचा हिशेब

अश्वगंधा हे कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत येणारे औषधी पीक आहे. आयुर्वेदिक औषधांबरोबरच गेल्या काही वर्षांत परदेशांतील पूरक आहाराच्या बाजारातही अश्वगंधेला मागणी वाढली आहे. त्यामुळे विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि नगर-सोलापूरच्या कमी पावसाच्या भागातील शेतकरी या पिकाची चौकशी करतात. चौकशीत पहिला प्रश्न बहुधा दराचा असतो. प्रत्यक्षात जमीन योग्य आहे का, माल कोण घेणार आणि कोणत्या प्रतीचा घेणार, हे प्रश्न दराच्या आधीचे आहेत. या लेखात लागवड तंत्राबरोबर या तिन्ही बाबींची माहिती दिली आहे.

पिकाची ओळख

अश्वगंधेचे शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. मराठीत आस्कंद, ढोरगुंज अशीही नावे आहेत. हे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांच्या कुळातील झुडूप आहे. झाड साधारण ३० ते ९० सेंटिमीटर उंच वाढते. फुले हिरवट पिवळी असतात. फळे पातळ कागदासारख्या आवरणात येतात आणि पिकल्यावर लाल होतात. ताज्या मुळाला घोड्यासारखा उग्र वास येतो, त्यावरून अश्वगंधा हे नाव पडले. झाड बहुवर्षायू असले तरी शेतीत ते पाच ते सहा महिन्यांचे पीक म्हणून घेतले जाते. औषधात वापरायचा मुख्य भाग म्हणजे वाळलेले मूळ. मुळातील विथॅनोलाइड्स आणि अल्कलॉइड्स या घटकांवर त्याची प्रत तपासली जाते.

देशात मध्य प्रदेशातील नीमच, मंदसौर हा भाग आणि राजस्थान येथे हे पीक जुन्या काळापासून घेतले जाते. व्यापारात ‘नागोरी असगंध’ हे नाव राजस्थानातील नागौरवरून रूढ झाले आहे. नीमचची बाजार समिती औषधी वनस्पतींच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील व्यापारीही दर सांगताना बहुधा तेथील दराचा आधार घेतात.

हवामान आणि जमीन

- वार्षिक ६५० ते ७५० मिलिमीटर पावसाचा प्रदेश योग्य. वाढीच्या काळात कोरडे हवामान लागते. थंडीत एखादा हलका पाऊस झाला तर मूळ चांगले पोसते.
- वाळूमिश्रित पोयटा किंवा हलकी तांबडी, उत्तम निचऱ्याची जमीन निवडावी. सामू ७.५ ते ८ पर्यंत चालतो.
- भारी काळ्या जमिनीत मुळांना फाटे फुटतात, काढणीवेळी मूळ तुटते आणि पावसात रोपे कुजतात. मध्यम जमिनीत पीक घ्यायचेच असेल तर रुंद वरंब्यावर पेरणी करावी.
- पाणी साचणारा चिबड भाग पूर्ण टाळावा. कोकणासारख्या अतिपावसाच्या पट्ट्यात खरिपात हे पीक घेऊ नये.
- आधीच्या हंगामात वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा असलेल्या शेतात लागवड टाळावी. कुळ एकच असल्याने सूत्रकृमी, मर आणि पाने खाणारे भुंगेरे पुढे चालत येतात. मूग, उडीद यांसारखे लवकर निघणारे कडधान्य किंवा पड जमीन हा बेवड चांगला.

जाती

जवाहर असगंध-२० आणि जवाहर असगंध-१३४ या मंदसौर येथील संशोधन केंद्राच्या जाती आहेत. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, पोषिता आणि रक्षिता या जाती दिल्या आहेत. बियाणे संशोधन संस्था, कृषी विद्यापीठ किंवा खात्रीच्या उत्पादकाकडून घ्यावे. बियाणे मागील हंगामातील, म्हणजे ताजे असावे. जुन्या बियाण्याची उगवण झपाट्याने घटते. पेरणीपूर्वी १०० बिया ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी आणि त्यानुसार बियाण्याचे प्रमाण ठरवावे.

पूर्वमशागत आणि पेरणी

- एक खोल नांगरट आणि दोन वखराच्या पाळ्या देऊन जमीन भुसभुशीत करावी. मूळ सरळ खाली जाण्यासाठी ही मशागत महत्त्वाची आहे. शेवटच्या पाळीपूर्वी हेक्टरी ५ ते १० टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेल्या खताने हुमणीचा त्रास वाढतो.
- पेरणी जोराचा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत करावी. जून-जुलैत पेरलेले पीक सततच्या पावसात कुजते आणि तणात दबते.
- ओळीत पेरणीसाठी हेक्टरी सुमारे ५ किलो आणि फेकून पेरणीसाठी १० ते १२ किलो बियाणे लागते. खुरपणी, विरळणी आणि काढणी सोपी जात असल्याने ओळीतील पेरणीच करावी.
- बी बारीक असल्याने पाच पट कोरडी वाळू मिसळून पेरावे. खोली १ ते २ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी.
- बीजप्रक्रियेसाठी प्रति किलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे.
- दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. २५ ते ३० दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत सुमारे १० सेंटिमीटर अंतर राखावे. विरळणी टाळली तर मुळे काडीसारखी बारीक राहतात आणि सगळा माल खालच्या प्रतीत जातो.

खते, पाणी आणि आंतरमशागत

रासायनिक खत माती परीक्षणानुसार आणि बेताने द्यावे. नत्र जास्त झाल्यास झाड हिरवेगार दिसते, पण वाढ पाल्याकडे जाते आणि मूळ भरत नाही. या पिकात शेत किती हिरवे दिसते यावरून उत्पादनाचा अंदाज बांधू नये. अधूनमधून दोन-चार झाडे उपटून मुळाची जाडी पाहावी.

पाऊस संपल्यावर जमिनीत ओल असेल तर पाण्याची गरज पडत नाही. ताण दिसल्यास एक ते दोन हलकी संरक्षित पाणी पुरेशी होतात. काढणीपूर्वी महिनाभर पाणी तोडावे. पहिली खुरपणी विरळणीबरोबर, दुसरी ५० दिवसांच्या सुमारास करावी.

कीड व रोग

- पाने खाणारा भुंगेरा, म्हणजे वांग्यावर येणारा ठिपक्यांचा एपिलॅक्ना : अळ्या व भुंगेरे पानांचा हिरवा भाग खरवडून खातात, पान जाळीदार होते. पानांखालील पिवळ्या अंड्यांचे पुंजके आणि अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.
- मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी : कोरड्या हवामानात वाढतात. सुरुवातीची प्रादुर्भावग्रस्त शेंडे-पाने काढून नष्ट करावीत, निंबोळी अर्क वापरावा.
- रोपकूज व करपा : निचरा, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, योग्य विरळणी आणि पिकाची फेरपालट हाच मुख्य उपाय.
- सूत्रकृमी : मुळांवर गाठी येतात आणि अशी मुळे कोणी घेत नाही. प्रादुर्भाव झालेल्या शेतात पुन्हा हे पीक घेऊ नये.

औषधी पिकात ‘फवारणी करून टाकू’ ही सवय महागात पडते. या पिकासाठी शिफारस नसलेले कोणतेही रसायन वापरू नये. चांगले खरेदीदार मुळातील कीडनाशक अवशेष, जड धातू आणि बुरशी यांची तपासणी करतात. नमुना नापास झाला तर पूर्ण माल परत येतो. शिवाय हे मूळ शेवटी आजारी माणसाच्या पोटात जाणार असते.

काढणी आणि वाळवण

पेरणीपासून १५० ते १८० दिवसांनी खालची पाने वाळू लागतात, फळे लाल होतात. हीच काढणीची वेळ. साधारण जानेवारी अखेर ते मार्चमध्ये काढणी येते. जमीन फार कडक असेल तर मूळ तुटते. म्हणून वाफसा असताना नांगराने किंवा कुदळीने पूर्ण मूळ उपटावे.

१. मूळ आणि खोड जिथे जुळते, तिथून एक-दोन सेंटिमीटर वर खोड कापावे. विक्रीपूर्वी राहिलेला खुंटही काढावा. खोडाचा तुकडा म्हणजे मूळ नव्हे.
२. माती झटकावी. धुण्याची गरज असल्यास स्वच्छ वाहत्या पाण्यात झटपट धुवावे, भिजत ठेवू नये.
३. मुळे अखंड किंवा ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करून ताडपत्रीवर पातळ थरात वाळवावीत. डांबरी रस्त्यावर किंवा शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवू नये.
४. वाळलेली मुळे काठीने हलके झोडून उरलेली माती आणि केसासारखी तंतुमुळे वेगळी करावीत.
५. चांगले वाळलेले मूळ वाकत नाही, कट्कन मोडते. आतून ते पांढरे आणि पिठूळ दिसते. आत काळपट झाक किंवा कुबट वास असेल तर तो भाग वेगळा ठेवावा.

साधारण व्यवस्थापनात हेक्टरी ३ ते ५ क्विंटल वाळलेली मुळे आणि ५० ते ७५ किलो बी मिळते. म्हणजे एकरी सव्वा ते दोन क्विंटल मुळे. एकरी पाच-सहा क्विंटलचे आकडे कोणी सांगत असेल तर ते ओल्या मुळाचे आहेत की वाळलेल्या, हे आधी विचारावे.

प्रतवारी

बाजारात मुळांची जाडी, लांबी आणि आतील रंग पाहून दर ठरतो. सर्वसाधारण प्रतवारी अशी :

- अ प्रत : सुमारे ७ सेंटिमीटर लांब, १ ते १.५ सेंटिमीटर जाड, भरीव, ठिसूळ, आतून पांढरे.
- ब प्रत : सुमारे ५ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटरपर्यंत जाड, भरीव.
- क प्रत : ३ ते ४ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटरपेक्षा कमी जाड.
- ड प्रत : बारीक, पोकळ, पिवळट तुकडे आणि चुरा.

प्रतवारीने काय फरक पडतो, हे एका उदाहरणातून पाहू. खालील दर केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत, ते चालू बाजारभाव नाहीत. समजा एका एकरात १६० किलो वाळलेले मूळ मिळाले. त्यात अ प्रत ३० किलो, ब ५०, क ५० आणि ड ३० किलो निघाली. दर अनुक्रमे ३००, २४०, १८० आणि १०० रुपये किलो धरले तर ९,०००, १२,०००, ९,००० आणि ३,००० असे एकूण ३३,००० रुपये होतात. हाच ढीग न निवडता सरसकट १७० रुपयांनी दिला तर २७,२०० रुपये येतात. फरक ५,८०० रुपयांचा. निवडायला सहा मजूर, प्रत्येकी ४०० रुपये धरले तरी २,४०० रुपये वजा जाता ३,४०० रुपये हातात राहतात.

याच उदाहरणात एकरी खर्च २४,००० रुपये असेल तर सरासरी २०६ रुपये दराने सुमारे ११७ किलो मूळ आल्यावर फक्त खर्च भरून निघतो. अवकाळी पावसाने उत्पादन ११० किलोवर आले तर तोटाच होतो. प्रत्येकाने स्वतःच्या मजुरीचा, बियाण्याचा आणि वाहतुकीचा आकडा घालून हा हिशेब पेरणीपूर्वी करावा आणि त्याच शेतातील हरभरा किंवा करडईशी तुलना करावी. खोदणी, झोडणी आणि निवडणीत मजुरी मोठी लागते, ती कमी धरू नये.

पाला विकावा का?

काही खरेदीदार मुळांबरोबर पानेही मागतात किंवा पूर्ण झाड कुटून घेतो असे सांगतात. दर कमी असला तरी एरवी फेकून जाणाऱ्या पाल्याचे पैसे होतात म्हणून शेतकऱ्याला हा सौदा बरा वाटतो. येथे सावध राहावे.

पानांत विथाफेरिन-ए हा घटक मुळापेक्षा बराच जास्त असतो. पानांचा अर्क मुळाच्या अर्कात मिसळला की तपासणीत काही घटकांचे प्रमाण वाढलेले दिसते आणि खर्च कमी येतो. म्हणून ही भेसळ होते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळण्यास सांगितले. अश्वगंधेची उत्पादने घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांतील वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेच्या वापरावर बंदी घातली. अशा प्रत्येक घटनेनंतर निर्यातीची बाजारपेठ आक्रसते आणि त्याचा फटका शेवटी मुळाच्या दराला, म्हणजे शेतकऱ्याला बसतो.

म्हणून मुळात पाने, खोड किंवा फळांची टरफले मिसळून माल देऊ नये. पाला कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. कोणत्या शेतातील, कोणत्या जातीचा, कधी काढलेला माल आहे याची चिठ्ठी प्रत्येक गोणीला लावावी. पुढे प्रश्न आला तर आपल्या बाजूने बोलणारा तोच पुरावा असतो.

घरी वापरण्याबाबत

पीक घरात आले की चूर्ण करून दुधातून घेण्याची पद्धत दिसते. ताण आणि झोप यांवर अश्वगंधेचे जे वैद्यकीय अभ्यास झाले, ते बहुतेक लहान आणि काही आठवड्यांचे आहेत. त्यांत काही प्रमाणात फायदा दिसला. वर्षानुवर्षे घेतल्यास ती सुरक्षित राहते, असा निष्कर्ष त्यांतून काढता येत नाही. पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये :

- थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, झोप किंवा फिट यांसाठी औषध चालू असलेले.
- यकृताचा आजार असलेले किंवा नियमित मद्यपान करणारे.
- प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे.

गरोदर महिलांनी अश्वगंधा टाळावी. घेणाऱ्या कोणाचेही डोळे किंवा लघवी पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, भूक गेली तर चूर्ण लगेच बंद करून दवाखान्यात जावे आणि आपण काय घेत होतो ते डॉक्टरांना सांगावे. चालू असलेले कोणतेही औषध अश्वगंधेच्या भरवशावर बंद करू नये.

हाच नियम विक्रीलाही लागू होतो. वाळलेले मूळ कच्चा माल म्हणून विकणे आणि चूर्ण किंवा गोळ्या करून औषध म्हणून विकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. औषध तयार करून विकण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. मधुमेह, कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पाकिटावर मजकूर छापण्यापूर्वी हे पाहावे.

करार आणि पुनर्खरेदीची हमी

औषधी पिकांत एक प्रकार वारंवार दिसतो. आधी बियाणे किंवा रोपे चढ्या दराने विकली जातात, सोबत माल परत घेण्याची तोंडी किंवा मोघम लेखी हमी दिली जाते. माल निघाल्यावर प्रत बसत नाही असे सांगून खरेदी नाकारली जाते, किंवा फोन लागत नाही. अशा योजनेत विकणाऱ्याचा नफा बियाण्याच्या विक्रीतच झालेला असतो. सही करण्यापूर्वी करारात पुढील बाबी लिहिल्या आहेत का ते पाहावे :

- किती माल, कोणत्या प्रतीचा, किती ओलाव्याचा घेणार.
- दर ठरलेला आहे की बाजाराशी जोडलेला. जोडलेला असेल तर कोणत्या बाजाराशी.
- वजन आणि प्रतवारी कुठे, कोणासमोर होणार.
- नमुन्याची तपासणी कोठे होणार, खर्च कोणाचा, नापास झाल्यास काय.
- पैसे किती दिवसांत मिळणार.

खरेदीदाराने मागील हंगामात ज्यांचा माल घेतला अशा किमान दोन-तीन शेतकऱ्यांशी स्वतः बोलावे. विकणाऱ्याने दिलेल्या एकाच नावावर विसंबू नये. पहिल्या वर्षी अर्धा ते एक एकरच लागवड करावी आणि मुळाचा नमुना घेऊन पेरणीपूर्वीच दोन वेगवेगळ्या खरेदीदारांशी बोलणी करावी.

साठवण

वाळलेली मुळे स्वच्छ, नव्या गोणीत भरून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. खते, कीटकनाशके यांच्याजवळ ठेवू नयेत. मुळात पिठूळ भाग जास्त असल्याने कीड लागते; दर महिन्याला एक गोणी उघडून पाहावी आणि गरज पडल्यास पुन्हा ऊन द्यावे. धान्यात टाकण्याच्या विषारी गोळ्या या मालात टाकू नयेत. दर वाढेल म्हणून दोन-दोन वर्षे माल ठेवल्यास वजन आणि प्रत दोन्ही घटतात.

मार्गदर्शन कोठे मिळेल

- डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला येथील नागार्जुन वनौषधी उद्यान.
- राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागीय केंद्र, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे.
- औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय, बोरीआवी, आणंद, गुजरात.
- खरेदीदार व विक्रेत्यांच्या माहितीसाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे ई-चरक पोर्टल.
- जवळचे कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालय. अनुदानाच्या योजना बदलत असल्याने चालू वर्षाची माहिती तेथूनच घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी अश्वगंधेबाबत विचारायला आला की जमिनीचा प्रकार, मागील पीक, काढणीच्या काळातील मजुरांची उपलब्धता आणि खरेदीदाराचे नाव या चार गोष्टी आधी विचाराव्यात. यांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर त्या हंगामात लागवडीची घाई करू नये, असे स्पष्ट सांगावे. हलकी, निचऱ्याची जमीन, वेळेवर विरळणी, स्वच्छ वाळवण आणि निवडलेला माल हे जमले तर कमी पाण्याच्या भागात हरभऱ्याच्या जोडीला हे पीक उपयोगी पडते.